साहेब म्हणतात ‘सवडीने’, आणि मागतात सोमवारी सकाळी

प्रश्न: मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमचे सर स्वभावाने चांगले आहेत, पण काम सांगताना तारीख म्हणून सांगत नाहीत. गेल्या महिन्यात जाता जाता म्हणाले, “सप्लायरच्या थकबाकीचं एक शीट काढून ठेव, सवडीने कर.” मी जीएसटीच्या गडबडीत होते, म्हणून ते बाजूला ठेवलं. सोमवारी पावणेदहाला मीटिंगला निघताना म्हणाले, “दे ते शीट.” नाही म्हटल्यावर सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, “चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं!” पुढच्या वेळी ‘अर्जंट’ म्हणाले, तेव्हा कंपनीची बस सोडून रात्री आठपर्यंत थांबले आणि फाइल पाठवली. ती त्यांनी आठवडाभर उघडलीच नाही. आता मी सगळंच अर्जंट धरते आणि रोजची कामं मागे पडतात. “कधी हवंय?” विचारलं की उत्तर येतं, “लवकर दे”, नाहीतर “एवढंही सांगायला लागतं का?” दर वेळी विचारणं बरं दिसतं का? की वरच्या साहेबांशी बोलावं?

उत्तर: “कधी हवंय?” हा प्रश्न आता सोडून द्या. त्याला “लवकर” हेच उत्तर मिळणार, कारण बहुतेक वेळा सरांच्याही डोक्यात तारीख नसते. डोक्यात असतं ते एखादं निमित्त: सोमवारची मीटिंग, बँकेतून आलेला फोन, ऑडिटरने मागितलेला कागद, परचेसवाल्यांनी केबिनमध्ये येऊन लावलेली भुणभुण. ते निमित्त कळलं की तारीख तुम्हालाच काढता येते. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की हे काम पुढे कुठे जाणार आहे. तारीख तुम्ही सांगायची.

तुमचंच शीट घेऊ. “सप्लायरची थकबाकी”, म्हणजे कंपनीने सप्लायरना द्यायचे पैसे, या एका नावाखाली निदान चार निरनिराळी कामं असतात, आणि प्रत्येकाची तारीख वेगळी, रकानेही वेगळे.

पहिलं बँकेचं. कंपनीचं कॅश क्रेडिट खातं (मालाच्या तारणावर बँकेकडून उचल घेण्याचं) असेल तर दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं. मालाच्या किमतीतून उधारीवर घेतलेल्या मालाचं देणं वजा करून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचल घेता येईल ते, काढतात, म्हणून सप्लायरच्या देण्याचा आकडा लागतो. त्याची तारीख बँकेच्या मंजुरीपत्रात छापलेली असते. ते पत्र एकदा काढून वाचा आणि तारीख टेबलावर चिकटवून ठेवा. इथे बिलाबिलाचा तपशील सहसा लागत नाही, एकूण रक्कम आणि फार तर किती दिवसांची उधारी एवढंच पुरतं. तासाभराचं काम.

दुसरं आठवड्याच्या पेमेंटचं. कुणाचे पैसे आता सोडायचे, कुणाला थांबवायचं, हे ठरवायला सर शीट मागतात. इथे ड्यू डेट महत्त्वाची, आणि कुणी माल अडवून धरला आहे का हे परचेसला विचारून भरलेला एक रकाना. हे शीट पेमेंट सोडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी हातात लागतं, त्यानंतर त्याची किंमत शून्य.

तिसरं काम सगळ्यात किचकट: सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याची अट. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ६० दिवस लिहिले असले तरी कायदा ४५ च धरतो. या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ते वर्षअखेरीलाही बाकी राहिले, तर त्या वर्षीच्या आयकरात तो खर्च धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. म्हणजे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सरांनी “सवडीने” हे शीट मागितलं, तर त्याची खरी तारीख ३१ मार्च नाही. पैसे ३१ च्या आत सप्लायरच्या खात्यात पडायला हवेत, त्याआधी कुणाला किती द्यायचं ते ठरायला हवं, त्याआधी शीट तपासून व्हायला हवं. उलटं मोजत आलात तर तुमच्या हाती २० मार्चच्या पुढे फारसं काही उरत नाही.

चौथं कंपनी कायद्याखालचं सहामाही विवरण, एमएसएमई-१. ऑक्टोबर ते मार्चचं ३० एप्रिलपर्यंत, एप्रिल ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत. लागतो तोच डेटा, पण त्यात ४५ दिवसांपुढची देणी आणि उशिराचं कारणही द्यावं लागतं.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. “कशासाठी हवंय?” असं मोकळं विचारलंत तर उलटतपासणी वाटते. पर्याय द्या: “सर, हे शीट बँकेसाठी, की पेमेंट ठरवायला?” दोनांतलं एक उचलायला कुणाला जड जात नाही, आणि दोन्ही चूक असतील तर सर आपणहून तिसरं सांगतात. लगेच पुढे तुमची तारीख जोडा: “मग बुधवारी १२ तारखेला दुपारी ३ पर्यंत मेलवर देते. आधी लागणार असेल तर सांगा.” बस, इतकंच. सरांना काही सांगावं लागत नाही, फक्त मान हलवायची असते, आणि काहीच बोलले नाहीत तरी तुमची तारीख उभी राहते. “एवढंही सांगायला लागतं का?” या टोमण्याला जागाच उरत नाही, कारण तुम्ही विचारत नाही, कळवताय.

ही विचारणा काम सांगितल्यापासून अर्ध्या तासात करा. दुसऱ्या दिवशी विचारलंत तर “अजून सुरूच केलं नाहीस?” हे ऐकावं लागेल. जाता जाता सांगितलेलं काम असेल तर जागेवर बसल्या बसल्या एका ओळीचा मेसेज टाका. व्हॉइस नोट आली असेल तरी उत्तर लिहूनच द्या, कारण महिन्याभराने व्हॉइस नोटा चाळत बसायला वेळ कुणाला नसतो. आणि मेसेज सरांना एकट्यांना. अकाउंट्सच्या ग्रुपवर तारीख विचारली किंवा सांगितली की चारचौघांत जाब विचारल्यासारखं होतं, आणि तिथे सर हमखास ताठ होतात.

तारखेसोबत तास लिहायला विसरू नका. “संध्याकाळपर्यंत” म्हणजे सरांच्या लेखी पाच, तुमच्या लेखी बस सुटेपर्यंत, आणि प्लांटवरच्या साहेबांच्या लेखी रात्री जेवणानंतर फोन पाहतील तेव्हा. “शुक्रवारी” म्हटलं तर हा शुक्रवार की पुढचा, यावरून वाद झालेले आहेत. वार आणि तारीख दोन्ही लिहा.

तारीख सांगायची तर काम किती तासांचं हे आधी माहीत हवं, आणि इथेच माणसं फसतात. टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आउटस्टँडिंग पेएबल्स, म्हणजे देण्यांची यादी, उघडायला पाच मिनिटं लागतात, म्हणून तोंडातून निघून जातं, “दोन तासांत देते सर.” वेळ खाणाऱ्या गोष्टी त्या पाच मिनिटांनंतर दिसतात. पेमेंटच्या एन्ट्र्या बिलाला न जोडता ‘ऑन अकाउंट’ टाकलेल्या असतात, त्यामुळे चुकती झालेली बिलंही थकलेली दिसतात. डेबिट नोटा (परत केलेल्या किंवा सदोष मालापोटी सप्लायरच्या नावे टाकलेली वजावट) कुठल्या बिलाच्या हे लिहिलेलं नसतं. मागच्या वर्षीची ओपनिंग बाकी एकरकमी आणलेली असते, तिच्यामागची बिलं शोधावी लागतात. थकबाकीचं वय बिलाच्या तारखेपासून मोजायचं की ड्यू डेटपासून, हे ठरलेलं नसतं. ४५ दिवसांच्या शीटला तर दोन्ही चालत नाहीत: तिथे माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायचं, म्हणजे स्टोअर्सच्या जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) तारीख लागते. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी तक्रार केली असेल तर ती मिटली त्या दिवसापासून. या तारखा तुमच्या हातात नाहीत, स्टोअर्स आणि क्वालिटीच्या हातात आहेत.

सप्लायर सूक्ष्म, लघु की मध्यम, हेही त्याच्या उद्यम प्रमाणपत्रावर (सरकारी नोंदणीच्या दाखल्यावर) पाहावं लागतं. या नियमात मध्यम उद्योग येत नाहीत, नुसता व्यापार करणारेही येत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून वर्गवारीच्या मर्यादा वाढल्या (सूक्ष्मची उलाढाल १० कोटींपर्यंत, लघुची १०० कोटींपर्यंत), तेव्हा तुमच्या फायलीतलं जुनं प्रमाणपत्र आज खरं असेलच असं नाही. पन्नास सप्लायरकडून नवी प्रमाणपत्रं मागवायची तर पहिल्या मेलला निम्मेही उत्तर देत नाहीत. फोन करावेच लागतात.

म्हणून अंदाज दोन तुकड्यांत सांगा. जे स्वतःच्या हातात आहे त्याचे तास मोजा आणि त्यावर चौथाई जास्त धरा, कारण मध्ये फोन येणारच. जे दुसऱ्याच्या हातात आहे त्याची तारीख देऊच नका, अट द्या: “जीआरएनच्या तारखा स्टोअर्सकडून मिळाल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी ३ पर्यंत.” आणि त्याच मेलमध्ये स्टोअर्सच्या माणसाला सीसीत ठेवा. स्टोअर्सने उशीर केला तर तो तुमच्या खात्यावर पडत नाही.

अंदाजापेक्षाही उपयोगी पडणारी एक युक्ती आहे. काम हातात आल्यापासून तासाभरात कच्चा नमुना पाठवा: रकाने आखलेले, सगळ्यात मोठे पाच सप्लायर भरलेले, खाली एक ओळ, “सर, असं हवंय ना? बाकीचे ५५ बुधवारपर्यंत भरते.” याने दोन गोष्टी कळतात. रकाने चुकले असतील तर साठ ओळी भरल्यावर नाही, पाच ओळींवरच कळतं. आणि सरांनी तो नमुना किती लवकर उघडला, त्यावरून कामाची खरी घाई कळते. दहा मिनिटांत “हो, पण ड्यू डेट टाक” असं उत्तर आलं तर काम तापलेलं आहे. दोन दिवस निळी टिक नाही, तर ‘अर्जंट’ हा शब्द त्यांनी सवयीने वापरला. सोमवारच्या त्या मीटिंगला पाच मोठे सप्लायर हातात असते तरी बहुधा वेळ निभावून गेली असती. रकमेचा मोठा भाग तेवढ्यांतच असतो.

त्या न उघडलेल्या फाइलचं दुःख समजतं, पण त्यात तुमचा अपमान शोधू नका. वरून फोन आला, सरांनी तुमच्याकडे टाकलं, तासाभराने वरच्यांचं काम दुसरीकडून झालं आणि ते तुम्हाला सांगायचं राहिलं; हे इतकं नेहमीचं आहे. बस सोडण्याआधी एक प्रश्न: “सर, आज रात्री बघणार आहात, की उद्या साडेनऊला मेलमध्ये असेल तर चालेल?” रात्री बघणार असतील तर थांबा, तेही एकदा तरी खरं असतं. बाकी वेळा “हो, उद्या चालेल” हेच ऐकायला मिळेल, आणि ते तुम्ही न विचारता कुणी आपणहून सांगणार नव्हतं. संध्याकाळी सहानंतर थकून काढलेल्या शीटमध्ये बेरजेची रांग एक ओळ वर थांबलेली असते, हेही लक्षात असू द्या.

आता रोजच्या कामांचं. तुमच्या टेबलावरच्या काही तारखा सरांच्या तोंडच्या नाहीत, कायद्याच्या आहेत, आणि त्या तुम्हाला पाठ असतील: ७ ला टीडीएस भरणं (मार्चचा ३० एप्रिलला), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी (सप्लायरच्या बिलांवरून मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) तयार होतं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी (महिन्याच्या जीएसटीचं विवरण आणि कर). जीएसटीच्या या तारखा मासिक विवरण भरणाऱ्यांच्या. तिमाही भरणाऱ्यांच्या तारखा वेगळ्या. यांपैकी १४ ते २० हा पट्टा सगळ्यात चिंचोळा, कारण २बी हाती आल्याशिवाय खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट जुळवता येत नाही आणि २० च्या आत भरायचं असतं. या सहा दिवसांत नवं काम आलं तर “मला वेळ नाही सर” म्हणू नका. किंमत दाखवा: “हे आज घेतलं तर २बीची जुळवणी १८ वर जाते, मग न जुळलेल्या बिलांसाठी सप्लायरला फोन करायला एकच दिवस उरतो. कुठलं आधी घेऊ?” ३बीला उशीर झाला तर रोजचे ५० रुपये लेट फी, ही रक्कम फुटकळ आहे, क्रेडिट वजा जाता रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागतं, ते झोंबतं. टीडीएसमध्ये तर एका दिवसाचा उशीरही महाग पडतो. कापलेल्या दिवसापासून महिना किंवा महिन्याचा भाग धरून दरमहा दीड टक्का, म्हणजे ७ च्या ऐवजी ८ ला भरलात तर विभाग दोन महिन्यांचं तीन टक्के व्याज लावतो. हे आकडे सरांना माहीत असतात, फक्त त्या क्षणी डोळ्यांपुढे नसतात. समोर ठेवल्यावर निवड त्यांनी करायची, आणि त्यांनी केलेली निवड मेलवर एका ओळीत लिहून ठेवायची. कायद्याच्या तारखेला धक्का लागणार असेल तेव्हा मेलच, व्हॉट्सॲप नाही.

दर वेळी विचारणं बरं दिसतं का, असं तुम्ही विचारलंय. सोमवारी सकाळी एकदाच पाच ओळींचा मेसेज टाका, की मधलं विचारणं निम्म्यावर येईल:

“सर, या आठवड्यात:
१. २बी जुळवणी, बुध १९, दु. १२
२. थकबाकी शीट (पेमेंटसाठी), गुरु २०, दु. ३
३. ३बी, गुरु २०, सकाळी ११ ला तुमच्या सहीसाठी
४. डेबिट नोटांची यादी, क्वालिटीकडून यायची आहे, आली की दुसऱ्या दिवशी
५. जुन्या बाकीची यादी, पुढच्या आठवड्यात
क्रम बदलायचा असेल तर सांगा.”

यात पाचवी ओळ महत्त्वाची. जे या आठवड्यात होणार नाही तेही लिहायचं. सरांना ते लागणार असेल तर ते सोमवारीच दचकतील, गुरुवारी नाही. पाचाच्या पुढे ओळी नेऊ नका, लांब यादी वाचली जात नाही.

आठवण किती वेळा करायची? तुमच्याकडून काम पूर्ण होत असेल तर एकदाही नको. सरांकडून किंवा दुसऱ्या विभागाकडून काही यायचं असेल तर निम्मी मुदत गेल्यावर एकदा, आणि आदल्या दिवशी एकदा. तिसरी आठवण फोनवर नाहीतर समोर जाऊन. मेल तिसऱ्यांदा पाठवला की तो पुराव्यासाठी पाठवल्यासारखा वाटतो.

तारीख चुकणार असं दिसलं तर ते मुदत संपल्यावर सांगू नका. निम्मं काम झाल्यावर अंदाज येतोच. तेव्हाच कळवा, आणि सोबत दोन गोष्टी द्या: आत्ता काय तयार आहे, आणि उरलेलं कधी. “६० पैकी ४२ झाले, जोडलेत. उरलेल्या १८ च्या जीआरएन तारखा आलेल्या नाहीत, शुक्रवारी २१ ला ११ पर्यंत” असा मेसेज आला की कुणी फारसं ओरडत नाही. कारणं आधी आणि आकडे शेवटी आले की मात्र ओरडा बसतो.

महिनाभर एका वहीत टिपून ठेवा: काम काय, सरांचे शब्द काय होते, आणि प्रत्यक्ष कधी वापरलं. तीनच रकाने, रोज दोन मिनिटं. पंधरा-वीस नोंदी झाल्या की सरांची चाल दिसायला लागते. गुरुवारी “घाई नाही” म्हटलेली कामं सोमवारच्या मीटिंगलाच लागतात, किंवा प्लांटवरून फोन आल्यावर जे जे ‘अर्जंट’ म्हटलं ते दोन दिवस पडूनच राहतं, असं काहीतरी निघेल. शिवाय सरांच्या ठरलेल्या बैठका तुमच्या कॅलेंडरवर घ्या: महिन्याचा रिव्ह्यू, ऑडिटरची भेट, गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट. शेवटचं परचेस आणि क्वालिटीला दोन आठवडे आधी माहीत असतं, अकाउंट्सला सहसा कुणी सांगत नाही. चहाच्या वेळी विचारा. पुष्कळदा सरांनाही तारीख माहीत नसते, कारण मोठ्या साहेबांनी त्यांनाही असंच जाता जाता सांगितलेलं असतं. मग केबिनबाहेर बसणाऱ्या सेक्रेटरीकडून मीटिंगचा दिवस कळतो.

वरच्या साहेबांकडे आत्ता जाऊ नका. सरांनी तारीख सांगितली नाही, एवढ्यावर तुमची बाजू उभी राहत नाही, कारण तुम्हीही लेखी काही कळवलं नव्हतं. आधी दोन महिने हे करून बघा. त्यानंतरही लिहून दिलेली तारीख अलीकडे ओढून सगळ्यांसमोर बोल लावणं चालूच राहिलं, तर पहिल्यांदा सरांशीच बोला, केबिनमध्ये, दार लावून, दोनच उदाहरणं घेऊन. दहा उदाहरणं नेलीत तर भांडण होतं. “सर, १२ तारीख मी मेलवर कळवली होती, १० ला मीटिंगमध्ये मागितलं. अशा वेळी मला आदल्या दिवशी कळेल असं काय करता येईल?” मनावर घेणारा माणूस असेल तर याच्या पुढे जावं लागत नाही. व्याज किंवा लेट फी कंपनीला लागली आणि ती तुमच्या माथी मारली जात असेल, तर मात्र थांबू नका. सरांनी क्रम ठरवल्याचा तो मेल जोडून तुमचं म्हणणं त्याच दिवशी लेखी सरांना पाठवा, सीसीत वरच्या साहेबांना.